साध्या पाण्यातले मूग

मृदुलाने पाचव्यांदा पट्टी लावली. वाढीचं संप्रेरक घातलेले मूग वीतभर झाले होते, आणि नुसत्या पाण्यावरचेही तेवढेच! उद्या प्रबंधाच्या सरांना फरक दाखवायचा होता. बाटल्या बदलल्या की काय? तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"ते बिचारे खुजेच राहत होते गं," प्रयोगशाळा झाडता झाडता सगुणामावशी म्हणाल्या. "म्हणून तुझ्या औषधातले चार थेंब रोज त्यांनाही घातले. एका पंगतीत बसवून एकाला वाढायचं नि दुसऱ्याला नाही, हे मला नाही बघवत."

मृदुला ओरडणारच होती. पण मावशींनी रोजच्यासारखा डबा उघडला, आपल्या भाकरीचे दोन सारखे तुकडे केले आणि एक तिच्यापुढे सरकवला.

तिने तो खाल्ला आणि नवे मूग भिजत घातले.