दिवेलागणीचा पगार

"दिवे लागल्यावर पगार? आणि तोही शुक्रवारी? लक्ष्मी अशी घराबाहेर काढतात का गं?" सासूबाईंनी वळायला घेतलेली वात खाली ठेवली.

वातींच्या धंद्यात शैलजानं महिन्यापूर्वी दोघींना कामावर ठेवलं होतं. आज एक तारीख, त्यांचा पहिला पगार. दिवसभर रुसलेलं नेट आत्ता कुठं आलं होतं. "रोख दे, सवडीनं दे," असं जो तो सांगत होता. पण साडीच्या दुकानात नोकरीला असताना शेठजींची सवड तिनं पुरेपूर भोगली होती. आज अमावास्या, आज शुक्रवार, आता दिवे लागले, उद्या ये. आपल्याच कष्टाचे पैसे मागताना मान खाली जायची. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, आपल्याकडं पगार एक तारखेला थेट खात्यात जाईल, कुणी मागायच्या आधी.

"एक तारीख म्हणजे एक तारीख, आई," म्हणत तिनं बटण दाबलं.

पुड्या भरणाऱ्या दोघींचे फोन वाजले. एकीनं स्क्रीन दुसरीला दाखवली आणि दोघी खुदकन हसल्या. तेवढ्यात देवघरापाशी तिसरा फोन वाजला. तो सासूबाईंचा होता.

"अगं, हे माझ्या खात्यात चुकून आले."

"चुकून कसे? निम्म्या वाती तर तुम्हीच वळता. पण आता दिवे लागलेत, परत घेऊ का?"

जन्मभर वाती वळलेल्या त्या हातांनी फोनला हळदकुंकू लावलं आणि तो पदराखाली झाकला.

"खुळी का काय तू! दिवेलागणीला लक्ष्मी कुणी बाहेर काढतं होय?"