होम की प्रो?

“नव्या सिस्टिमचं होम व्हर्जन टाकू की प्रो?” कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या नार्वेकरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“अहो, मी कीर्तन करणारी बाई. ज्यात माझी आख्यानं दिसतील ते टाका!” मथुताई वैतागल्या. “देवानं दहाच अवतार घेतले हो, तुमच्या व्हर्जनांना अंतच नाही!”

“आख्यानं कुठल्याच नव्यात दिसणार नाहीत. तुमच्या यजमानांनी ज्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलीत, ते आता चालतच नाही. जुनंच ठेवलं तर व्हायरस शिरणार. आणि एव्हाना तुम्हाला ती तोंडपाठ असतील की!”

“पाठ आहेत हो. पण हे कसं सोडू?” ताईंनी सुदाम्याचं आख्यान उघडून पडदा नार्वेकरांकडे वळवला. पोह्यांच्या प्रसंगाशी, ओळींच्या मधोमध, गेल्या वर्षी वारलेल्या यजमानांनी कंसात लिहून ठेवलं होतं: ‘इथे तुला रडू येतं. आधी पाणी पी, मग गा.’

नार्वेकरांनी ते दोनदा वाचलं. मग टेबलाखाली वाकून त्यांनी इंटरनेटची वायर उपसून काढली.

“जुनंच राहू द्या, ताई. नेटबिट नको. बघू व्हायरस कुठून शिरतो!”