नव्याण्णव टक्के

थोरल्या सरांनी अंगठा जिभेवर फिरवला आणि पान उलटलं. पानाच्या कोपऱ्यावर ओला ठसा उमटला. समोर बसलेल्या विज्ञानाच्या बाईंनी रुमाल हाताशी घेतला. तीच उत्तरपत्रिका आता त्यांच्या हातात येणार होती.

तपासणीच्या खोलीत दोघंच होती. मधे टेबलावर दोन उत्तरपत्रिका, सरांचा साय धरलेला चहा आणि बाईंचा फोन. सकाळी लेकीचं अंग कोमट लागलं होतं. पाळणाघरातून केव्हाही फोन आला असता, म्हणून बाईंचा एक डोळा सारखा तिकडेच होता. उन्हाळी विज्ञान शिबिराला शाळेतून एकालाच पाठवायचं होतं. दोन मुलींचे गुण सारखे झाले होते आणि घोडं शेवटच्या प्रश्नावर अडलं होतं. प्रश्न सरांनीच काढलेला: एखादं यान अवकाशात वर्षानुवर्षं एकसारख्या, पृथ्वीच्या ओढीएवढ्या जोराने पुढे रेटत राहिलं, तर ते प्रकाशाला कधी मागे टाकेल?

"तीनशे सत्तेचाळीस दिवस," सर म्हणाले. "एक भागाकार केला की झालं. संस्थेच्या चिटणिसांच्या भाचीने बघा, दोन ओळींत उडवलंय. आणि हिने हे काय पुराण लावलंय?"

ही म्हणजे शाळेच्या बसचालकाची मुलगी.

"सर, यान प्रकाशाला कधीच मागे टाकणार नाही. तिचं बरोबर आहे. आपलं उत्तर चुकलंय."

'आपलं' हा शब्द बाईंनी जपून वापरला होता. चूक एकट्या सरांची होती.

सरांनी काडीने दाढ कोरली, काडीचं टोक उजेडात धरून निरखलं आणि काडी बशीत ठेवली.

"बाई, छापून झालेलं उत्तर आता बदलायचं, तर मी चिटणिसांना काय तोंड दाखवू? भोपळा द्या, सही करा, घरी जा. तुमच्या कायमच्या ऑर्डरचं नव्याण्णव टक्के झालंय. आता ऐन वेळी माशी शिंकायला नको."

हंगामी शिक्षिका म्हणून बाईंचं हे सातवं वर्ष. पहिल्या वर्षाअखेर सर म्हणाले होते, "सत्तर टक्के झालंच समजा." त्या दिवशी बाई जवळजवळ पळतच घरी गेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी नव्वद झालं. मग पंचाण्णव. मग सत्त्याण्णव. बाईंनी कधी हात आखडता घेतला नाही. सुट्टीतले वर्ग घेतले, सरांच्या वाट्याचे गठ्ठे तपासले, चिटणिसांची भाषणं लिहून दिली. ओली बाळंतीण असताना रजा अर्धी टाकून हजर झाल्या. नवरा विचारायचा, "अजून किती गं?" त्या अंगठा आणि बोट यांच्यात तांदळाएवढी फट धरून दाखवायच्या. "एवढंच राहिलंय." गेली चार वर्षं ती फट तेवढीच होती.

एका भोपळ्याने असं काय आभाळ कोसळतंय? पोरगी हुशार आहे, जाईल पुढच्या वर्षी. मनात हे आलं आणि बाईंना स्वतःचीच शिसारी आली. तरी त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. सगळं वाचून तरी भोपळा द्यावा, एवढीच काय ती लाज राखायची होती.

अक्षर बारीक होतं, ओळी सरळ होत्या. 'यान जोर तेवढाच लावतं. पण तो सगळा वेग वाढवण्यात जात नाही. वेग जितका जास्त, तितकं यान ढकलायला जड होत जातं. म्हणून पृथ्वीवरून बघणाऱ्याला त्याचा वेग दर वर्षी कमी कमी वाढताना दिसेल.' खाली तक्ता होता. प्रकाशाच्या वेगाचे टक्के, सुमारे. पहिलं वर्ष, एकाहत्तर. दुसरं, एकोणनव्वद. तिसरं, पंचाण्णव. चौथं, सत्त्याण्णव.

बाईंच्या हातातलं पेन थबकलं. हे आकडे त्यांना पाठ होते.

पान संपलं. तक्ता मागच्या पानावर गेला होता. बाईंनी पान उलटलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

अंगठा ओला होता.

त्यांनी तो जिभेवर फिरवला होता, नकळत, अगदी सरांसारखा. आणि टेकवला होता नेमका त्याच कोपऱ्यावर, सरांच्या अजून न वाळलेल्या ठशावर. कधीपासून आपण हे करतोय? त्यांनी अंगठा रुमालाला पुसला. पुन्हा पुसला. कातडी लाल झाली तरी पुसत राहिल्या.

"काय झालं?" सरांनी चहावरची साय बोटाने बाजूला सारत विचारलं.

बाईंनी उरलेल्या ओळी वाचल्या. सातव्या वर्षासमोरचा आकडा पाहिला. त्याखाली मुलीने लिहिलं होतं, 'यापुढे कितीही वर्षं रेटलं तरी ते जवळ जवळ जाईल. पोचणार नाही.'

त्यांनी समासात पाचपैकी पाच लिहिले. खाली सही केली, पूर्ण नावाची. फोन पर्समध्ये टाकला आणि लेकीला आणायला उठल्या.

सरांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली. त्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. "बाई! अहो, हातातोंडाशी आलेला घास! नव्याण्णव टक्के झालं होतं तुमचं!"

"सातव्या वर्षी तेवढंच होतं, सर," बाई दारातून म्हणाल्या. "मागच्या पानावर लिहिलंय."