टेकाडावरचा बावटा

१९५८ सालची गोष्ट. रत्नागिरीहून बोटीने नुकतीच कुवेतला आलेली मुनिरा आज नवऱ्याचा नेम बघायला येणार होती. तिथल्या नेमबाजी क्लबच्या रेंजवर शुक्रवारी पाहुण्यांनाही पाच गोळ्या झाडू देत, म्हणून नझीर नंबर लावायला सकाळीच पुढे आला होता.

"तू जेवून बसने ये," त्याने तिला बजावलं होतं. "अबू हलीफाच्या सडकेवर उतरलीस की लांब टेकाडावर लाल बावटा दिसेल. आपल्या खाडीत जाळ्यावर असतो ना, तसाच. त्याचा रोख धरून नाकासमोर चालत ये."

बस येऊन गेल्याला बराच वेळ झाला होता. नझीरचा नंबर लागला, तरी तो सारखा मागे फाटकाकडे बघत होता.

"नझीरभाई, नजर फाटकात नि बंदूक आभाळात! फळी समोर आहे," रेंज सांभाळणारे परकार हवालदार खेकसले. फौजेतून निवृत्त झालेला, म्हसळ्याचा माणूस.

नझीरने घाईघाईने चाप ओढला. पाचही गोळ्या फळीवरून, मागच्या टेकाडावरून सूं करत पलीकडे गेल्या. तो ओशाळला.

"कुणाला लागायची नाही ना, चाचा?"



"पलीकडे कोण मरायला येतंय?" हवालदार हसले. "टेकाडावर तो लाल बावटा उगाच लावलाय का? पलीकडच्या सडकेवरून दिसला की माणूस इकडे पाऊलच टाकत नाही."