शेजारची सीट

जन्मभर फेरीबोट चालवलेल्या बाबांना, आता बोट तुम्ही चालवायची नाही, हे सांगायचं कोणी? डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते काम मुलाच्या गळ्यात घातलं होतं आणि मुलगा आठवडाभर तोंडाला कुलूप लावून बसला होता. त्यात सुट्टीच्या दिवशी घरच्यांना फिरवायला छोटी मोटरबोट घ्यायचं त्यानेच कधीचं कबूल केलेलं.

दुकानात दोन बोटी पसंत पडल्या, एक निळी, एक पांढरी. बाबा आधी निळीत चढले आणि स्टिअरिंग सोडून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. उजवा हात चालवणाऱ्याच्या रिकाम्या सीटकडे लांब करून काहीतरी चाचपलं आणि उतरले. मग पांढरीत चढले. तिथेही तेच. मुलाच्या मनात आलं, एवढं मोठं स्टिअरिंगसुद्धा दिसेना की काय?

"काका, चालवणाऱ्याची सीट ही इकडे," दुकानदार अदबीने म्हणाला.

"ठाऊक आहे हो. तिथे हा बसणार. माझे डोळे अधू झालेत, हे माझ्याआधी दुसऱ्या कोणाला कळेल?"

मुलाचा जीव भांड्यात पडला. त्याने विचारलं, "मग बाबा, कुठली घेऊ?"

"पांढरी घे. निळीत शेजारी बसलं की तुझा कान पिळायला माझा हात पोचत नाही."