नितळ

कारखाना बंद पडून अठरा वर्षं झाली, तरी मागच्या विहिरीचं पाणी पिवळंच होतं. त्यात कारखान्यातून झिरपलेलं विषारी क्रोमियम होतं. त्या रंगाच्या धाकानेच गल्लीतलं कोणी तिकडे फिरकत नसे. आठ महिन्यांपूर्वी रसायनतज्ज्ञ बाईंनी भोवतालच्या जमिनीत लोखंडाचा चुरा भरला. लोखंडामुळे ते विष मातीतच अडकायला लागलं आणि पाणी हळूहळू निवळलं.

ऑफिसात सगळे खूश होते, बाईंना मात्र चैन पडेना. ताजा रिपोर्ट सांगत होता, की रंग गेला तरी विष अजून मर्यादेच्या दहापट आहे. "अजून वर्षभर तरी हे पाणी पिण्यासारखं नाही," असं साहेबांना सांगून त्या पुन्हा नमुना घ्यायला भर उन्हात विहिरीवर आल्या.

बाटली भरेपर्यंत समोरच्या घरातल्या काकू पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. "किती धावपळ करतेस गं. घोटभर पाणी तरी पी." बाईंचा घसा सुकलाच होता. त्यांनी ग्लास एका दमात संपवला.


"तुझ्याच विहिरीचं आहे," काकू कौतुकाने म्हणाल्या. "महिना झाला, अख्खी गल्ली हेच पिते."