न दिसणारा झोत
“झाकणाला हात लावू नका सर,” सत्यशीला मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या. “आतला झोत डोळ्यांना दिसत नाही, पण आडवा कागद धरला तर करपतो.”

पुण्याहून तपासणीला आलेले अप्पाराव मागं सरकले. हा लेसर जालन्याच्या कॉलेजात ठेवायचा की पुण्याला न्यायचा, हे आज त्यांच्या शब्दावर होतं. मॅडम मात्र निर्धास्त होत्या. केदारखेड्याचा सूरज त्यांचा विद्यार्थी, आणि त्यानं वर्षभर या खोलीत जीव ओतला होता. मग काळजी कसली करायची?

प्रयोग सांगायला सोपा होता. प्रकाशाचा एक झटका धातूच्या पातळ थरावर सोडायचा. झटका इतका छोटा, की त्याच्यापुढं पापणी लवणं म्हणजे युग. तेवढ्यात तिथलं चुंबकत्व उलटतं आणि संगणकाच्या पडद्यावर काळा ठिपका दिसतो. पुढच्या झटक्याला ते सुलटं होतं, ठिपका जातो. तार नाही, दुसरा चुंबक नाही, नुसता उजेड.

सूरजनं बटण दाबलं. ठिपका उमटला. पुन्हा दाबलं, गेला.

“मी दाबू का?” अप्पारावांनी विचारलं.

“दाबा ना सर, बिलकुल दाबा.” सूरज हसत बाजूला झाला.

अप्पारावांनी दाबून दाबून बटणाचा पिच्छा पुरवला. ठिपका एकदाही चुकला नाही.

“दरवेळी त्याच मापाचा,” ते म्हणाले. “आमच्याकडं कधी कडा फाटतात, कधी उमटतच नाही.”

“त्यानं जुळणीच बराबर केलीय,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा ऊर भरून आला होता आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

“यंत्र इथंच राहील,” अप्पाराव म्हणाले. सूरज त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला.

चहाचे कप न्यायला आलेल्या शिपाई जयवंताबाई दारातच घुटमळल्या.

“मॅडम, रागावू नका. सकाळी कुणीच आल्तं न्हाई, तवा मशीनची पूजा केली. एवढं मोठं काम, बिनकुंकवाचं कसं करावं? झाकण काढलं, पण कुंकू कुठं लावावं ते कळंना. मंग जिथून उजेड निघतो म्हणता, त्या काचेलाच लावलं. तेलात कालवून, चांगलं जाड.”

मॅडमना हसू आवरेना.

“अहो जयवंताबाई, ते पहिल्याच झटक्याला उडालं असेल.”

तरी काच पुसून घ्यावी म्हणून त्यांनी यंत्र बंद केलं, झाकण उचललं आणि वाकून पाहिलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत काच लालभडक होती, आणि त्या ओल्या कुंकवात जयवंताबाईंच्या बोटाची रेघ न् रेघ शाबूत होती.